ओंडका जाळू नका, आधी किडे बाटलीत भरा

अंगणातला ओकचा कुजका ओंडका फोडला, आत तांबूस-काळे बिनपंखी किडे आणि पांढुरकी पिल्लं निघाली, आणि पेस्ट कंट्रोलवाल्यानं नुसता फोटो बघून वाळवी ठरवली, हे तुम्ही लिहिलेलं वाचून पोटात कालवलं. आम्हीही अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात, ब्लू रिज डोंगरांच्या उतारावर राहतो. सहा वर्षांपूर्वी हेच भोगलंय.

ओंडका जाळू नका. मी जाळला. एका कंपनीचा माणूस आला, पाच मिनिटांत वाळवी म्हणाला, घराभोवती चर खणून औषध सोडायचं ठरलं आणि घाबरून मी त्याच संध्याकाळी ओंडका पेटवला. पुढे शंका आली तेव्हा दाखवायला एक किडा उरला नव्हता. कंपनी म्हणे, वाळवी नव्हती हे सिद्ध करा. कशाच्या जोरावर करणार? पैसे गेले ते गेलेच. घराच्या पायाला वाळवी बांधते तसल्या मातीच्या नळ्या आहेत का, हे बघायला तो माणूस वाकलासुद्धा नव्हता, याचा अजून संताप होतो.

म्हणून मोठे किडे आणि पिल्लं, दोन्ही रबिंग अल्कोहोलच्या बाटलीत टाका, तारीख घाला आणि काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात, म्हणजे सरकारी शेती-सल्ला कार्यालयात दाखवा.

मी कीटकतज्ज्ञ नाही, पण वर्णनावरून ही क्रिप्टोसर्कस, म्हणजे लाकूड खाणारी झुरळं वाटतात. मोठं झुरळ इंचभर, टणक, पायांना काटे. कामकरी वाळवी फार तर तांदळाच्या दाण्याएवढी, मऊ, मिशा मण्यांच्या माळेसारख्या. फसवतात ती पिल्लं, वाळवीसारखीच पांढुरकी. आणि दोघं खरोखरच भाऊबंद आहेत: २००७ साली डीएनएवरून वाळवीला झुरळांच्याच गणात बसवलं गेलं. लाकूड पचवणारे पोटातले सूक्ष्मजीवही एकमेकांच्या नात्यातले. पण वाळवीत राणी, सैनिक, कामकरी असा मोठा पसारा; या झुरळांत एक जोडपं, एकच वीण, आणि तिला तीन-तीन वर्षं सांभाळणं. त्यांना कुजकं, ओलसर लाकूडच लागतं. घराच्या कोरड्या तुळयांना ती हात लावत नाहीत.

गावाकडून फोनवर येणारे उपाय मात्र करू नका. ते वेगळ्या वाळवीसाठी असतात: कोकणात जिच्या वारुळावर पावसात अळंबी उगवते ती वाळवी बुरशी पिकवते, इथली तशी नाही.

आज टॉर्च घेऊन पायाभोवती स्वतः फिरा. पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळ्या दिसल्या तर माझं बाजूला ठेवा आणि दुसऱ्या कंपनीला बोलवा. ओंडक्यात झुरळं आणि घरात वाळवी असंही होतं. आणि जळाऊ लाकडं भिंतीला टेकवून रचली असतील तर ती लांब हलवा.