सरस्वतीच्या साडीवरच्या टिकल्या

प्रश्न : घर रंगवायला काढलं म्हणून माजघरातली सरस्वतीची तसबीर उतरवली. चित्राखाली इंग्रजीत ‘रविवर्मा प्रेस, कारला-लोणावळा’ असं छापलंय. आजेसासूबाईंनी हौसेने साडीच्या काठावर जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या, त्यातल्या निम्म्या गळून काचेच्या तळाशी पडल्यात. फ्रेमवाला म्हणतो, टिकल्या खरवडून, कडा कापून लॅमिनेट करून देतो. नणंद म्हणते, रविवर्म्याचं चित्र लाखांत जाईल. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी फ्रेमवाल्याला चहा पाजून वाटेला लावा. लॅमिनेशन एकदा झालं की चित्राचं नुकसान न करता ते निघत नाही. आणि कडा कापल्या तर छापखान्याचं नावच जाईल. तुमच्या हातात पुरावा आहे तो तेवढाच.

आता नणंदबाईंचं. रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला. पुढे तो मळवलीला, म्हणजे कारल्याच्या पायथ्याशी गेला, आणि मग त्यांनी तो श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकला. 1906 मध्ये रविवर्मा वारले, पण त्यांच्या नावाची छपाई नंतरही कित्येक वर्षं चालूच होती. शिवाय ही चित्रं घराघरांत जावीत म्हणूनच भरमसाट छापलेली. तेव्हा नुसत्या नावावर लाखांचे हिशेब मांडू नका.

त्यापेक्षा घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडून दहापट मोठं दाखवणारं भिंग आणा आणि दुपारच्या उजेडात सरस्वतीचा गाल बघा. त्या गुलाबी रंगाचे बारीक ठिपके दिसतील, एकासारखा दुसरा नाही. कुणीतरी मान मोडून ते छपाईच्या दगडावर काढलेत. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि एकच कागद पाळीपाळीने त्या सगळ्यांवर दाबलेला. कुठे कागद केसभर सरकला असेल, तर ओठांचा लाल रंग रेषेबाहेर आलेला सापडेल. मला अशी चुकार प्रत बिनचूक प्रतीपेक्षा जास्त आवडते. (आमच्या घरी या आवडीला ‘रद्दी’ म्हणतात.) पण ठिपके रांगेत, चाळणीच्या भोकांसारखे एकसारखे दिसले, तर ती अलीकडच्या ऑफसेट छपाईतली नक्कल.

टिकल्यांना हात लावायचा नाही. असं जरीकाम त्या काळी घरोघरी चालायचं. आता काही संग्राहक मुद्दाम तसलीच चित्रं शोधतात. तुमच्या सरस्वतीच्या हजारो बहिणी असतील, पण हा काठ एकीलाच आहे. गळालेल्या टिकल्या पाकिटात घालून ठेवा. घरचा डिंक-फेविकॉल लावू नका, जुन्या कागदाचं काम करणाऱ्या जाणकाराकडेच चिकटवायला द्या.

पाठीमागची लाकडी फळी मात्र काढून टाका, तिच्यातल्या आम्लाने कागद तपकिरी पडून मोडायला लागतो. त्या जागी आम्लमुक्त पुठ्ठा मागा. काच चित्राला टेकू नये, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवा. तुमच्याकडे तर टिकल्या आहेत, म्हणून जरा जाडच घ्या. चिपळूणचा पाऊस लक्षात घेता बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. चौकटीमागे बुचाचे चार तुकडे लावलेत की वारा खेळतो, बुरशी आणि कसर जरा लांब राहते.


विकायचंच ठरलं, तर लिलावघराला मागचा-पुढचा फोटो पाठवा आणि छापखान्याची ओळ वाचता येईल असा आणखी एक, जवळून काढलेला.