रताळी, मिरची आणि फणसाचे गरे एकाच रीफरमध्ये जातील का?

तुमच्या गटाचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली रताळी आणि हिरवी मिरची एका २० फुटी रीफर (मशिनने थंड ठेवलेल्या) कंटेनरमध्ये भरून समुद्रमार्गे दुबईला पाठवायची, सोबत खानापूरच्या फणसाच्या फ्रोझन गऱ्यांचे थोडे बॉक्स घालायचे, आणि माल ताजा राहावा म्हणून तापमान २ अंशांवर ठेवायचं. चालेल का?

दादा, नाही चालणार. तिन्ही मालांची तापमानं वेगळी आहेत आणि २ अंश त्यातल्या एकालाही मानवत नाही. रताळ्याला १३ ते १५ अंश सेल्सिअस लागतात. १२ च्या खाली काही दिवस राहिलं तर गाभा आतून काळपट पडतो आणि शिजवलं तरी कडकच राहतो. हा दोष कंटेनर उघडताना बहुधा दिसत नाही, माल गरम हवेत आल्यावर काही दिवसांनी वर येतो. म्हणजे माल तुम्ही बिघडवलात की दुकानदाराने, हा वाद तिथेच सुरू होतो. १६ अंशांच्या वर गेलं तर कोंब फुटतात. मिरचीला ७ ते १० अंश हवेत. त्याखाली सालीवर खळगे पडतात, देठाकडून सड धरते, बिया काळ्या पडतात. गऱ्यांना उणे १८. एका कंटेनरचं तापमान एकच असतं, म्हणून एक कंटेनर एका मालाचा.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: रीफर माल थंड करत नाही, थंड केलेला माल थंड ठेवतो. त्याच्या मशिनची ताकद तेवढीच असते. शेतातला २८ अंशांचा माल आत कोंबला तर पेटीच्या मधली उष्णता प्रवास संपेपर्यंत निघत नाही. त्यामुळे माल टिकणार की सडणार हे मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात नाही, काढणीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत इथेच ठरतं.

रताळ्यापासून सुरू करा, कारण समुद्रमार्गासाठी तुमच्याकडचा सगळ्यात योग्य माल तोच आहे. एपीएमसीला नेताना आपण रताळी पोत्यात ओततो, तशी निर्यातीची ओतू नका. साल फार नाजूक असते, घासली गेली की तिथूनच बुरशी शिरते. शेतातच प्लास्टिक क्रेटमध्ये हाताने भरा आणि त्याच दिवशी क्युअरिंगला, म्हणजे उबदार दमट हवेत साल पक्की करायला, लावा: २९ ते ३० अंश, ८५ ते ९५ टक्के आर्द्रता, ४ ते ७ दिवस. या काळात जखमांवर बुचासारखा थर धरतो. काढणीच्या हंगामात आपल्याकडे दिवसा तापमान जमतं, पण रात्री बरंच उतरतं, त्यामुळे बंद खोलीत हीटर आणि ओली पोती लागतात. क्रेटवर पाणी टपकू देऊ नका आणि दिवसातून एकदा हवा बदला. क्युअरिंग झालं की नाही ते अंगठ्याने कळतं: रताळ्यावर अंगठा जोराने घासा, साल सरकली तर अजून थांबा. धुणं नेहमी क्युअरिंगनंतर, आणि धुतल्यावर पूर्ण सुकवून. मात्र धुणं टाळता येत नाही, कारण लाल मातीचा कण जरी चिकटलेला दिसला तरी फायटोसॅनिटरी (रोग-किडीच्या) तपासणीत माल अडकू शकतो. मग शीतगृहात १४ अंशांवर आणून पॅक करा.

मिरचीचं गणित दिवसांचं आहे. नीट थंड केलेली मिरची दोन ते तीन आठवडे टिकते. मुंबई ते दुबई अंतर साधारण १,२०० सागरी मैल, म्हणजे जहाज चार-पाच दिवसांत पोचतं. पण तोडणी, प्रतवारी, ट्रेलरचा प्रवास, बंदरातलं थांबणं आणि तिकडचं क्लिअरन्स धरलं तर बारा दिवस सहज जातात. जहाजाची तारीख एक आठवडा पुढे गेली की दुकानदाराच्या हाती काही उरत नाही. म्हणून मिरचीची पहिली खेप विमानानेच पाठवा. समुद्रमार्गे पाठवायचीच असेल तर दव सुकल्यावर देठासकट तोडा आणि पंख्याने पेट्यांमधून थंड हवा ओढणाऱ्या प्रीकूलिंग खोलीत ८ ते १० अंशांपर्यंत आणल्याशिवाय ती गाडीत चढवू नका.

भरताना सगळ्यात जास्त चुका होतात. रीफरमध्ये थंड हवा खालच्या पन्हळी फरशीतून येते, पेट्यांमधून वर चढते आणि छताजवळून परत मशिनकडे जाते. म्हणून ताज्या मालाच्या पेट्यांना खाली-वर भोकं हवीत आणि थरांमधली भोकं एकावर एक जुळली पाहिजेत. पेट्या विटांसारख्या आडव्या-उभ्या रचल्या तर भोकं बुजतात, शिवाय कोपऱ्यावर कोपरा न आल्याने ओलसर हवेत खालची पेटी बसते. दाराजवळ फरशी उघडी राहिली तर हवा तिथूनच वर निसटते आणि मालातून जातच नाही. ती मोकळी फरशी जाड पुठ्ठ्याने झाका. आतल्या लाल रेषेच्या वर एकही पेटी नको. भरताना मशिन बंद ठेवा. दार उघडं ठेवून चालवलं तर बाहेरची दमट हवा कॉइलवर बर्फ होऊन बसते. भरण्याआधी पाच-सहा पेट्यांतल्या रताळ्यात प्रोब थर्मामीटर खुपसून आकडे लिहून ठेवा. डेटा लॉगर (तापमान नोंदवत राहणारी छोटी यंत्रं) दोन घाला, एक मधे आणि एक दाराकडच्या वरच्या पेटीत, कारण सगळ्यात गरम जागा तीच. ताजा माल श्वास घेतो, म्हणून व्हेंट (बाहेरची हवा आत घेणारा झरोका) थोडा उघडा लागतो. किती, ते बुकिंगमध्येच लिहून द्या.

गोव्याचं मुरगाव बंदर जवळचं वाटतं, पण रीफरची नियमित जहाजं न्हावा शेवाहूनच सोयीची पडतात. साडेचारशे किलोमीटरच्या या प्रवासात ट्रेलरला जेनसेट (रीफरला वीज देणारा डिझेल जनरेटर) हवाच. डिझेल भरून निघा आणि ड्रायव्हरकडून दर चार तासांनी डिस्प्लेचा फोटो मागवा. कोल्हापूरजवळ बंद पडलेला जेनसेट पुण्यात कळून उपयोग नाही.

कागदपत्रांत आयईसी (आयात-निर्यात कोड), अपेडाची (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची) नोंदणी, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, शिपिंग बिल, कंटेनरचं प्रमाणित वजन (१ जुलै २०१६ पासून सक्तीचं) हे तुमचा सीएचए (कस्टम्सचं काम करणारा एजंट) सांभाळेल. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का आहे ना, हे मात्र स्वतः पाहा.

गऱ्यांसाठी वेगळा कंटेनर परवडणार नाही. मुंबईतून फ्रोझन माल एकत्र करून पाठवणाऱ्या निर्यातदाराच्या कंटेनरमध्ये जागा घ्या. फ्रोझनचा नियम ताज्याच्या उलटा: पेट्यांना भोकं नकोत, रास घट्ट, व्हेंट पूर्ण बंद. आणि बुकिंगच्या कागदावर १८ च्या आधी उणे चिन्ह आहे का ते पाहा. शक्यतो 'उणे' असं अक्षरातही लिहायला लावा. फॉर्मवर ती बारीक रेघ सुटली आणि कोणी अधिक १८ लावलं तर गऱ्यांचा चिखल होतो.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. फ्रोझन मालाच्या प्रचलित कलमांत मशिन सलग २४ तास बंद पडल्याशिवाय तापमानाचं नुकसान धरत नाहीत. ताज्या मालाला काय लागू होतं ते विमा एजंटाकडून लेखी घ्या. दुबईच्या खरेदीदाराला सांगून ठेवा: दार उघडण्याआधी सीलचा नंबर आणि डिस्प्लेचा फोटो, उघडल्यावर मालातलं तापमान, आणि काही बिघाड दिसला तर डिलिव्हरीच्या कागदावर तसा शेरा. आत लपलेलं नुकसान नंतर सापडलं तर जहाज कंपनीला तीन दिवसांच्या आत लेखी कळवायला सांगा.