निम्मा संघ जायबंदी, तरीही शर्यतीत कसा?

प्रश्न : अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रमुख खेळाडू जायबंदी आणि उरलेल्यांचा फॉर्म हरवलेला असतानाही काही संघ क्रमवारीत वरच कसे राहतात? हे केवळ नशीब म्हणायचे का?

उत्तर : नशिबाचा वाटा असतोच, परंतु आधी हंगामाची लांबी लक्षात घ्यावी. प्रत्येक संघ सुमारे सहा महिन्यांत 162 सामने खेळतो. अव्वल खेळाडू त्याच्या जागी येणाऱ्या सामान्य बदलीपेक्षा अख्ख्या हंगामात पाच-सहा विजय जास्त मिळवून देतो, म्हणजे तो महिनाभर नसला तर साधारण एका विजयाचा तोटा होतो. खरे नुकसान बदली खेळाडू तेवढ्याही दर्जाचा नसेल तेव्हा होते. त्यामुळे 26 जणांच्या मुख्य संघाइतकेच महत्त्व 40 जणांच्या विस्तारित यादीतील उरलेल्यांना असते, जे एरवी मायनर लीगमध्ये, म्हणजे दुय्यम स्पर्धांत, खेळत असतात.

2019 च्या न्यूयॉर्क यांकीज संघाचे तब्बल 30 खेळाडू कधी ना कधी दुखापतग्रस्तांच्या यादीत गेले. जियानकार्लो स्टँटन साखळीत 18 सामने खेळला आणि तिसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षण करणारा मिगेल आंदुहार केवळ 12. आंदुहारच्या जागी उभा राहिलेला जिओ उर्शेला हा आदल्या वर्षी टोरांटो संघाकडून फारसा गाजावाजा न होता घेतलेला खेळाडू, त्याने .314 ची सरासरी (म्हणजे दर हजार प्रयत्नांमागे 314 यशस्वी फटके, अर्थात हिट) राखत 21 होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले आणि संघाने 103 सामने जिंकले.

हरवलेला फॉर्म मात्र माझ्या मते दुखापतीपेक्षा अवघड दुखणे आहे. जायबंदी खेळाडू यादीत गेला की त्याची जागा मोकळी होते आणि निर्णय आपोआप होतो. धावा न काढणारा नामवंत फलंदाज मात्र जागा अडवून बसतो, आणि त्याला बसवावे की सांभाळावे हे व्यवस्थापकाला अपुऱ्या पुराव्यावर ठरवावे लागते. .300 आणि .250 सरासरीच्या फलंदाजांत 20 प्रयत्नांमागे फरक असतो तो अवघ्या एका हिटचा. दोन आठवड्यांत दोन-तीन जोरकस फटके थेट क्षेत्ररक्षकाच्या हाती गेले, तरी चांगला फलंदाज संपल्यासारखा वाटू लागतो. म्हणून जाणते व्यवस्थापक केवळ सरासरीवर न जाता फटका किती जोरात बसतो आणि फलंदाज वाईट चेंडूंच्या मागे लागतो आहे का, हे पाहतात.

अटलांटा ब्रेव्हजचे 2021 चे उदाहरण तर याहून बोलके आहे. 10 जुलैला रोनाल्ड अकुन्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, त्या वेळी संघाच्या खात्यात विजयांइतकेच पराभव होते. व्यवस्थापनाने हंगाम सोडून न देता जुलैअखेरपर्यंत चार बाह्यक्षेत्ररक्षक आणले; ऑगस्ट उजाडल्यावर कुठे संघाचे विजय पराभवांपेक्षा जास्त झाले, आणि त्या चौघांपैकी होर्हे सोलेर हा ब्रेव्हजनी जिंकलेल्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. गटात फारसे कोणी पुढे निसटले नव्हते, हे ब्रेव्हजचे नशीब; तुमच्या शंकेत तथ्य आहे ते एवढेच.

पिचरांची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांची, उणीव भरणे सर्वांत कठीण, कारण दमलेल्या खांद्याला विश्रांतीवाचून पर्याय नसतो. तिथे एकाचे काम अनेकांत वाटले जाते. 2024 च्या बाद फेरीत सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरांचा तुटवडा असलेल्या लॉस एंजेलिस डॉजर्सनी सॅन डिएगो पाद्रेस संघाविरुद्धच्या मालिकेतला चौथा सामना, हरल्यास स्पर्धेबाहेर अशा स्थितीत, आठ पिचर वापरून 8-0 असा जिंकला होता.