जिजीला आता काहीच नको असतं

‘मॅडम, आईला आम्ही काही कमी केलेलं नाही. वेगळी खोली आहे, टीव्ही आहे, मोबाइलवर भजनं लावून देतो. तरी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. हा विसरण्याचा आजार तर नाही ना? कुणी म्हणतं, गाण्यात-कलेत रमवा. आता पंचाहत्तरीत कसली कला?’

जळगावात मानसिक आरोग्याचं काम करताना हा प्रश्न मी महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. विचारणारा बहुतेक मुलगाच असतो, आणि सून बाहेरच्या बाकावर बसलेली असते. त्याचं उत्तर एका आजींच्या गोष्टीतूनच देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. घरात त्यांना जिजी म्हणायचे, मीही तेच म्हणते.

जिजी अमळनेरकडच्या एका खेड्यातल्या. नवरा जाऊन अकरा महिने झाले होते. तेरावं उरकल्यावर मुलगा त्यांना जळगावला तिसऱ्या मजल्यावर घेऊन आला. गावी ओटा होता, येणारा-जाणारा ‘काय चाललं जिजी’ म्हणून थांबायचा. इथे दाराला जाळी. सून नाशिकची, नात अकरावीला, घरात सगळी पुस्तकी मराठी. आयुष्यभर अहिराणीत, म्हणजे आमच्या खान्देशी बोलीत, भांडलेल्या, हसलेल्या बाईशी अहिराणीत बोलणारं कुणी उरलं नव्हतं. मुलालाही ऑफिसमुळे सवय मोडली होती. हे त्याला मी विचारेपर्यंत सुचलंही नव्हतं.

पहिल्या भेटीत जिजींनी माझ्या प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नही’ म्हटलं. वार? माहीत नही. जेवलात? माहीत नही. घरच्यांना यात डिमेन्शिया दिसत होता. मला थोडं वेगळं दिसलं. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती बरेचदा चुकीचं का होईना, उत्तर जुळवून देते, झाकायला बघते. खिन्नतेत बुडालेली व्यक्ती प्रयत्नच सोडून देते. हा काही पक्का नियम नाही, नुसती खूण आहे. म्हणून आधी फिजिशियनकडे पाठवलं. थायरॉइड, बी-बारा, साखर आणि कान तपासून झाले. कान ठीक होते, बी-बारा कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. मग वृद्धांसाठीची पंधरा हो-नाही प्रश्नांची नैराश्याची चाचणी मी अहिराणीत विचारली. पाचाच्या वर गुण गेले की नीट बघावं लागतं. त्यांचे अकरा आले. मरून जावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. ‘देवनी उचली लेवाले पाहिजे’, म्हणाल्या, पण स्वतः काही करायचा विचार नव्हता. मानसोपचारतज्ज्ञांनी कमी मात्रेची गोळी सुरू केली. हे सगळं आधी सांगते, कारण गाणं लावलं की गोळी नको, असं समजून घरी जाणारे मला भेटले आहेत. ज्यांना डॉक्टरपर्यंत लगेच पोहोचता येत नाही त्यांनी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही आहे.

आता माझी चूक. दुसऱ्या भेटीत मी त्यांना रंगवायचं पुस्तक दिलं आणि मुलाला जुन्या गाण्यांचा पेनड्राइव्ह करायला सांगितला. अशा गोष्टींनी बरं वाटतं हे वाचलेलं होतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९मध्ये कला आणि आरोग्यावरचे तीन हजारांहून जास्त अभ्यास एकत्र करून अहवाल काढला, त्यातही वृद्धांचा भाग आहे. पण जिजींनी रंगपेटीकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, ‘मी काय लहान पोर शे का?’ रंगीत पेन्सिलींची पेटी तशीच माझ्या टेबलावर राहिली. आता ती माझ्या भाच्याकडे आहे.

त्यांचं बरोबर होतं. टीव्ही, भजनं, रंगपेटी या सगळ्यांत त्या घेणाऱ्या होत्या, आणि देणारे आम्ही. ज्या बाईने चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात हळदीची गाणी म्हटली, तिला आम्ही श्रोता करून बसवलं होतं. गाणी म्हणायच्या हे मला कळलं तेही सुनेकडून, निघता निघता, दारात. ‘सासूबाई पूर्वी फार गायच्या म्हणे.’ म्हणे!

तिसऱ्या भेटीला आखाजी जवळ आली होती. बाहेरच्यांसाठी सांगते, अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. सासरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, झाडाला झोके बांधतात आणि झोक्यावर गाणी चालतात. माझी आजी शिरपूरकडची, तिच्याकडून ऐकलेलं एक गाणं मी फाइल चाळता चाळता गुणगुणायला लागले. मुद्दामच, हे कबूल करते. पण चाल मात्र मुद्दाम चुकवली नव्हती, ती माझी खरीच चुकली. दोन ओळींनंतर खुर्चीतून आवाज आला.

‘चाल चुकनी तुनी.’

आपणहून बोललेलं त्यांचं माझ्याकडचं ते पहिलं वाक्य. मी म्हटलं, ‘मग कशी शे?’ त्यांनी पदर सारखा केला, डावा हात मांडीवर ठेवला आणि बोटांनी ठेका धरला. आवाज आधी फाटका निघाला. तिसऱ्या कडव्याला थांबल्या, डोळे मिटले, ओठ हलवून मागच्या ओळी मनातल्या मनात पुन्हा म्हटल्या आणि पुढची ओळ सापडली. वार सांगता न येणाऱ्या बाईला सात कडवी येत होती. दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यांत टिकाऊ निघतात आणि चालीला बांधलेले शब्द आणखी घट्ट धरून राहतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. समोर बघताना मात्र घशाशी आलं.

घरच्यांना मी एकच काम दिलं. त्यांना ‘गाणं म्हणून दाखव’ म्हणायचं नाही, ‘मला शिकव’ म्हणायचं. नातीने रोज संध्याकाळी वही घेऊन बसायचं, एक गाणं लिहून घ्यायचं, अहिराणीतच. ‘आठवतं का’ हा शब्द घरातून काढून टाका, तो परीक्षेसारखा लागतो. ‘तेव्हा कसं करायचे’ असं विचारा. साल चुकलं, नातं चुकलं तर चुकू द्या.

खान्देशात बहिणाबाईंचं नाव निघालं की सगळ्यांच्या माना डोलतात. त्यांना लिहिता येत नव्हतं, काम करता करता त्या म्हणायच्या आणि घरातल्या पोरांनी ते लिहून घेतलं, म्हणून आज ते आपल्या हातात आहे. घरातल्या म्हातारीसमोर वही धरायची वेळ आली की मात्र आपल्याला क्लास असतो.

चार दिवसांनी मुलाचा घाबरून फोन. ‘गाता गाता रडली हो मॅडम. बंद करू का?’ नको म्हटलं. आठवणीत रमणं हे म्हातारपण बिघडल्याचं लक्षण मानायचे, तेव्हा १९६३मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने सांगितलं की शेवटाकडे आयुष्य उलगडून बघणं हे स्वाभाविक काम आहे. नवरा गेल्यावर जिजींना रडायला जागाच मिळाली नव्हती, मुलाला त्रास होईल म्हणून. रडून झाल्यावर हलकं वाटतंय का, जेवतात का, हे बघा, म्हटलं. रडणं दोन-तीन दिवस थांबलंच नाही तर मला कळवा.

गाणंच हवं असं नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांना सूर ओळखत नव्हता. पण पोळ्याला बैलांचे गोंडे ते स्वतः विणायचे. लोकर आणि सुतळी हातात दिली, बोटं आपोआप चालू लागली.

श्रावणात जिजींची गाडी अडली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी बसते, त्यासाठी सगळे गावी निघाले, आणि जिजी म्हणाल्या, मी येत नाही. खोदून विचारल्यावर निघालं. विधवेचा हात कानबाईला लागायचा नाही, असं थोरल्या जावेने दिवस झाल्या झाल्याच सुनावलं होतं. म्हणजे गाणी त्यांनी आपणहून सोडली नव्हती. जी संस्कृती म्हाताऱ्यांना आधार देते असं आपण कौतुकाने बोलतो, तिनेच यांना ओट्यावरून खाली उतरवलं होतं. मला राग आला. पण माझ्या रागाने भाऊबंदकी बदलत नाही. मुलाला एवढंच म्हटलं, जावेशी बोलायचं ते तुम्ही बोला, जिजींवर टाकू नका.

तो बोलला. अर्धंमुर्धं मिटलं. हळदकुंकवाला जिजी पुढे गेल्या नाहीत, भिंतीशी बसल्या. रात्री जागरणाला मात्र नव्या सुनांचं गाणं दुसऱ्या कडव्यालाच अडकलं आणि सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. थोरल्या जावेचीसुद्धा.

रोटांसाठी, म्हणजे कानबाईच्या प्रसादासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायची त्यांच्या घरची रीत. त्या दिवशी मापायला सून बसली होती. नात सांगत होती, मुठी मोजून झाल्या तेव्हा आजी सुपाकडे बराच वेळ बघत होती. मग हात पुढे करून तिने आजोबांच्या नावाची मूठ उचलली, थोडा वेळ तशीच धरली आणि परत पोत्यात सोडली. कुणी काही बोललं नाही. त्या रात्री ती पोटभर जेवली.

जिजी अजून पहाटे चारला जाग्या होतात. गोळी चालू आहे, चाचणीत गेल्या खेपेला सहा आले. टीव्ही अजूनही बघत नाहीत. परवा नातीने मला एक रेकॉर्डिंग पाठवलं. पोरगी घाईघाईने कडवं म्हणतेय, मागे कुकरची शिट्टी, आणि मध्येच जिजींचा आवाज चढतो, ‘मना मांगे म्हन. पुढे पयू नको.’