रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंय

या वेळच्या पत्रांत एक वाक्य पुनःपुन्हा आलं आहे: "डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काहीच झालेलं नाही." म्हणून आज तीच पत्रं घेते.

माझा भाऊ १९ वर्षांचा आहे. सिकलसेल, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-वडील दोघांकडून दोष आलेला. थंडीत रात्री-अपरात्री हातापायांत, कमरेत असह्य ठणका लागतो. दवाखान्यात नेलं की ड्युटीवरचे डॉक्टर म्हणतात, "मोबाइल तर बघतोय, एवढं काय दुखतंय? इंजेक्शनची सवय लागलीय याला." आम्ही काय करावं? (वडसा, जि. गडचिरोली)

ताई, तुमचा भाऊ खरं बोलतो आहे. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या हाडाला रक्तच पोचत नाही. हा ठणका किती आहे ते दाखवणारी एकही तपासणी नाही. हिमोग्लोबिन नेहमीइतकंच असेल, एक्स-रे साफ असेल, नाडी आणि रक्तदाबही ठीक असतील, तरी क्रायसिस, म्हणजे असा ठणक्याचा झटका, चालू असू शकतो. रुग्ण सांगेल तेच त्याचं माप.

आता मोबाइलचं. लहानपणापासून जो हे सोसतो आहे तो दरवेळी आरडाओरडा करत नाही. लक्ष दुसरीकडे लावणं हा त्याने स्वतःच शोधलेला उपाय असतो. पहिल्यांदा दुखणारा माणूस विव्हळतो. ज्याचं दुखणं जुनं, तो गप्प पडून राहतो, आणि त्या गप्प राहण्याचाच पुरावा त्याच्याविरुद्ध वापरला जातो. याचा मला फार राग येतो.

सवयीबद्दल. वेदनाशामक वरचेवर घ्यावं लागलं की काही औषधांची जास्त मात्रा लागू शकते. ते व्यसन नव्हे. व्यसनात औषध माणसाचा ताबा घेतं. इथे दुखणं थांबलं की मागणीही थांबते. मॉर्फिनसारख्या औषधांबाबत डॉक्टरांच्या मनात कायद्याची धास्ती आहे, ती १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यापासूनची. २०१४च्या दुरुस्तीने वैद्यकीय वापराची वाट बरीच सोपी केली, पण धास्ती अजून गेलेली नाही.

एका कागदावर निदान, नेहमीचं हिमोग्लोबिन, चालू औषधं आणि मागच्या वेळी कशाने, किती मात्रेने आराम पडला ते लिहून घ्या. शक्य झाल्यास नेहमीच्या डॉक्टरांची सही घ्या आणि तो कागद सिकलसेल कार्डासोबत ठेवा. दवाखान्यात गेल्या गेल्या सांगा, "सिकलसेलचा क्रायसिस आहे, दुखणं दहापैकी नऊ." आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्ण पोचल्यापासून तासाभरात पहिलं वेदनाशामक मिळायला हवं, आणि पुढे दर अर्ध्या-एक तासाने आराम पडला का ते विचारायला हवं. शांतपणे, पण हे सांगाच. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू नसेल तर त्याबद्दल विचारा. त्याने क्रायसिसची संख्या कमी होते. ताप, छातीत दुखणं, धाप किंवा एका बाजूची ताकद जाणं, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका. आणखी एक: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

मुलगी २२ वर्षांची आहे. पाळीत उलट्या होईपर्यंत पोट दुखतं, कॉलेज बुडतं. सोनोग्राफी नॉर्मल आली. दोन डॉक्टरांनी सांगितलं, लग्न होऊन मूल झालं की थांबेल. (इचलकरंजी)

कॉलेज बुडवणारी पाळी नॉर्मल नसते. एंडोमेट्रिओसिसची शंका घ्यायला हवी. या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर, ओटीपोटात वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातल्या सुमारे दहा टक्के स्त्रियांना आणि मुलींना तो असतो, तरीही निदान व्हायला अनेकींची वर्षं जातात. सोनोग्राफीत अंडाशयातली गाठ दिसते. ओटीपोटात पसरलेले छोटे, चपटे व्रण बहुतेकदा दिसतच नाहीत. त्यामुळे नॉर्मल सोनोग्राफीने हा आजार नाही असं ठरत नाही. गरोदरपणात काहींचं दुखणं थांबतं, पण तो उपचार नव्हे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया न करताही, लक्षणांवरून हार्मोनच्या गोळ्या सुरू करता येतात.

दोन-तीन पाळ्यांची नोंद ठेवा: किती दिवस दुखलं, किती गोळ्या लागल्या, कॉलेज किती दिवस बुडालं, शौचाला किंवा लघवीला जाताना दुखतं का. आपल्याकडे पाळीचं दुखणं गुपचूप सोसणं हे मुलीचं चांगलं वळण समजतात. घरातल्या आत्या-मावश्या "आम्हालाही दुखायचंच की" म्हणाल्या, तर तेही डॉक्टरांना सांगा. हा आजार घराण्यात चालू शकतो. कदाचित त्यांनाही कुणी कधी विचारलं नसेल.

वय २७, सीएनसी मशीनवर काम करतो. तीन वर्षं कंबर दुखते. एक्स-रेत काही नाही. डॉक्टर म्हणाले, कामाचा कंटाळा आलाय. (चिंचवड)

मला तीन गोष्टी कळवा. सकाळी उठल्यावर कंबर अर्धा तास किंवा जास्त आखडलेली असते का? पहाटे दुखण्याने जाग येते का? आराम केल्याने दुखणं वाढतं आणि चालल्या-फिरल्यावर मोकळं वाटतं का? तिन्हींचं उत्तर "हो" असेल तर हा मणक्याचा संधिवात, म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असू शकतो. त्यात सुरुवातीची काही वर्षं एक्स-रे साफ असतो; कंबरेच्या सांध्यांच्या एमआरआयमध्ये सूज आधी दिसते. संधिवाततज्ज्ञांना दाखवा आणि उशीर करू नका. एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी मदत करते, पण एकट्या तिच्यावर निदान होत नाही.

मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. अंगभर दुखतं म्हणणाऱ्या, सगळे रिपोर्ट चांगले असणाऱ्या बायका रोज येतात. ओपीडीत वेळ नसतो. खोटं कसं सांगू, की आजार आहे?

डॉक्टर, मोकळेपणाने विचारलंत, बरं वाटलं. निवासी डॉक्टर असताना मीही अशा एका बाईंना "मन रमवा, टेन्शन घेऊ नका" म्हणून वाटेला लावलं होतं. फाइल पदराखाली धरून त्या उठल्या, तो क्षण मला अजून आठवतो.

तुम्हाला खोटं सांगावं लागणार नाही. अशा अंगभर दुखण्याचं एक कारण फायब्रोमायल्जिया हा आजार असतो. त्यात सांधे आणि स्नायू चांगले असतात. बदल झालेला असतो तो वेदनेचे संदेश हाताळणाऱ्या मेंदू-मज्जारज्जूत. तिथला आवाज वाढलेला असतो, म्हणून साधा स्पर्शही दुखतो. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२०मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्या टिपेत स्पष्ट म्हटलं आहे की माणूस दुखतंय म्हणून सांगतो, त्याचा मान राखावा. आजारांच्या नव्या जागतिक यादीत, आयसीडी-११मध्ये, तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र निदान म्हणून जागा आहे.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, डी जीवनसत्त्व एकदा बघा. तपासण्यांचा ढीग नको. मग म्हणा, "तुमचं दुखणं खरं आहे. सांधे झिजलेले नाहीत, ही चांगली गोष्ट. याला नाव आहे आणि उपचारही आहेत." याला वीस सेकंद लागतात. झोप, हळूहळू वाढवत नेलेलं चालणं, गरज पडल्यास कमी मात्रेतलं अमिट्रिप्टिलिन. नैराश्य असेल तर त्यावरही उपचार करा, पण ते दुखण्याच्या जोडीला, दुखण्याऐवजी नव्हे.

दुसरं मत घ्यायचं आहे, पण रुग्णालय केस पेपर देत नाही.

तुमचे कागद मिळणं हा तुमचा हक्क आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदींच्या प्रती द्यायला हव्यात. तोंडी मागू नका. दोन ओळींचा अर्ज लिहा, त्यावर तारीख घाला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.