आईची एफडी मोडून मेक्सिकोला जावं का?

ताई, धाकट्या भावाची ब्राऊन शुगर (म्हणजे अशुद्ध हेरॉइन) सुटावी म्हणून आईची १२ लाखांची एफडी मोडून त्याला आयबोगेन या औषधाच्या उपचारासाठी मेक्सिकोला न्यावं का, असं तुम्ही विचारलंय. क्लिनिकला निम्मे पैसे शुक्रवारपर्यंत हवेत, तेही परत न मिळण्याच्या बोलीवर. माझं मत : एफडीला हात लावू नका.

औषध थोतांड नाही. आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात ब्विती पंथाचे लोक इबोगा झुडपाच्या मुळाची साल दीक्षाविधीत खातात. त्यातलं आयबोगेन १९०१ मध्ये वेगळं केलं गेलं. फ्रान्समध्ये 'लाम्बारेन' नावाने त्याच्या गोळ्याही मिळायच्या. १९६२ मध्ये हॉवर्ड लॉटसॉफ या हेरॉइनच्या आहारी गेलेल्या १९ वर्षांच्या अमेरिकन तरुणाने ते नशेसाठी म्हणून घेतलं आणि अंमल उतरल्यावर पाहतो तर हेरॉइनची तलफच नाही! क्लिनिकवाले हीच गोष्ट सांगतात. पण आयबोगेनने हृदयाची लय बिघडू शकते. १९९० ते २००८ या काळात ते घेतल्यावर ७६ तासांच्या आत दगावलेल्या १९ जणांची नोंद आहे. त्यांतल्या अनेकांना आधीपासून हृदयाचा आजार होता, किंवा अंगात दुसरी नशा होती. भावाचा साधा ईसीजीही झालेला नाही, हे वाचून मला धस्स झालं.

अमेरिकेत त्यावर बंदी आहे. टेक्सासने २०२५ मध्ये ५ कोटी डॉलर मंजूर केले, ते चाचण्यांसाठी. न्यूझीलंडमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं. मेक्सिकोत मात्र ना बंदी, ना औषध म्हणून मान्यता. तुमच्या पैशाच्या दृष्टीने कळीची गोष्ट हीच. मेडिक्लेमचा आधार धरू नका, आणि काही बिनसलं तर सांगलीत बसून दाद कुणाकडे मागणार?

शिवाय खरा खर्च परत आल्यावर सुरू होतो. काही दिवस नशा सुटली की शरीराची नशा पचवण्याची ताकद उतरते. मग जुन्याच मात्रेने जीव जाऊ शकतो. म्हणून पुढचं वर्षभर समुपदेशन, औषधं आणि घरात कुणीतरी सोबत लागेल. त्याची कमाई तेवढे दिवस बंद. आणि आईचं इन्सुलिन याच एफडीच्या व्याजातून येतं, हे तुम्हीच लिहिलंय.

ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्यांनी हे व्यसन आटोक्यात येतं आणि तो उपचार भारतात कायदेशीर आहे. १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर जवळचं केंद्र विचारा. पैसे कमी पडले तर, आईची संमती असेल तरच, एफडीवर लाखभराचं कर्ज काढा. मूळ रक्कम शाबूत राहील. क्लिनिकची शुक्रवारची मुदत जाऊ द्या. त्या दिवशी भावाला ईसीजीला घेऊन जा.