दोन पेग आणि रात्रीची गोळी

"बाबांची अँजिओप्लास्टी झालीय तरी संध्याकाळी दोन पेग लागतातच, काय करायचं?" हे मुलंसुना मला सारखं विचारतात. एक केस सांगते, ओळखीचे तपशील बदललेत.

काका सत्तरीचे, मागच्या वर्षी स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकलेला. मुलगा बाटल्या लपवणार, काका नवीन आणणार, काकू दोघांच्या मधे. मी म्हटलं बाटलीचं राहू दे, आधी गोळ्या घेऊन या. आणि तिथेच खरी गोम निघाली. रात्रीच्या गोळ्यांच्या स्ट्रिप जवळजवळ भरलेल्या, कारण काय तर "घेतल्यावर वर गोळी नको, रिअ‍ॅक्शन होते". त्यात रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेलपण होती! स्टेंटनंतर ती मनानेच सोडली तर स्टेंटमधे गुठळी होऊन थेट अटॅक येऊ शकतो, आणि घरात भांडण चाललेलं फक्त दारूवरून.

म्हणजे दोन्ही सोबत चालतं असं नाही हां. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलवर दारू म्हणजे पोटात रक्तस्राव व्हायची भीती, बीपीच्या गोळ्या किंवा सॉर्बिट्रेट (छातीत दुखण्यावरची गोळी) असेल तर बीपी धाडकन खाली येतं, रात्री बाथरूमला उठले की चक्कर येऊन पडतात. त्यात वयानुसार शरीरातलं पाणी कमी होतं, तेवढीच दारू जास्त चढते, त्यामुळे "तीस वर्षं एवढीच घेतोय" याला काही अर्थ नाही.

आणि एवढीच म्हणजे किती? काकांना ग्लासात पाणी ओतून पेग दाखवायला लावला, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजला तर 90 एमएल भरला, मोठा पेगसुद्धा 60 चा असतो. म्हणजे दोनचे तीन झाले की. काका आधी माझ्याशी वाद घालत होते, मग स्वतःच हसले.

काकू लगेच म्हणाल्या, आजपासून बंद! मी थांबवलं. रोज पिणाऱ्याची एकदम तोडली तर हात थरथरतात, ठोके आणि बीपी वाढतं, कधी फिट येते, भ्रम होतो, हार्ट पेशंटला ते परवडणारं नाही. म्हणून आधी कार्डिओलॉजिस्टना खरा आकडा सांगायचा ठरलं (तोवर "लग्नाकार्यात थोडीशी" असं सांगितलेलं), काकू सोबत गेल्या. डॉक्टरांनी क्लोपिडोग्रेल सकाळवर आणली आणि दारू टप्प्याटप्प्याने सोडवायला सायकियाट्रिस्टकडे पाठवलं.

काकांची अजून पूर्ण सुटलेली नाही, शनिवारी कुरबुर होतेच, पण गोळ्या चुकत नाहीत. तुमच्याकडे माणूस डॉक्टरकडे यायलाच तयार नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर आधी तुम्ही स्वतः बोला, फोन फुकट आहे.